झुकझुकगाडी आणि हमालाची पाठ

नागपुरात मोतीबागेला रेल्वेचे नॅरोगेज संग्रहालय आहे. ते २००२ च्या डिसेंबरात लोकांसाठी खुले झाले तेव्हा इतवारीहून छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे जाणाऱ्या अडीच फुटी रुळांवर खऱ्या गाड्या धावत होत्या, आणि संग्रहालयाच्या आवारातली छोटी गाडी ही केवळ मुलांची मौज होती. पुढे छिंदवाड्याची गाडी २०१५ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली आणि नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात. खरी गाडी गेली, खेळण्यातली उरली. एके काळी विदर्भातील शेतमजूर, भाजीवाल्या बाया आणि शाळकरी पोरे ज्या गाडीतून जीव मुठीत धरून का होईना पण रोज प्रवास करीत, ती आता तिकीट काढून पाहावयाची वस्तू झाली आहे.

अशा जुन्या खेळगाड्यांचे, जुन्या पाळण्यांचे आणि एकूणच करमणुकीच्या जुन्या यंत्रांचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता पक्षाच्या साप्ताहिकात चर्चिण्याजोगा वाटणार नाही. महागाई, बेकारी, पिकांचे भाव हे विषय समोर असताना झुकझुकगाडीची चिंता कोणी वाहावी, असे एखादा कार्यकर्ता म्हणेल. परंतु जुने ठेवावे की बदलावे हा वाद जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा तो कोणाच्या पैशाने, कोणाच्या श्रमाने आणि कोणाच्या सोयीसाठी हे विचारले जात नाही. एका बाजूला वारशाचे अभिमानी असतात. त्यांना जुन्या इंजिनाच्या शिटीने गहिवरून येते. दुसऱ्या बाजूला विकासाचे अभिमानी असतात. त्यांना जुने लोखंड दिसले की भंगाराची निविदा सुचते. दोघांचेही लक्ष यंत्राकडे असते आणि यंत्रामागचा माणूस दोघांच्याही हिशेबात नसतो.

वारशाच्या अभिमान्यांपासून सुरुवात करावी, कारण त्यांची बाजू अधिक गोड आहे. नागपूरने रुळांचे रुंदीकरण प्रथमच पाहिले असे नाही. १८७८ च्या दुष्काळानंतर सरकारने नागपूर ते राजनांदगाव हा जो मार्ग बांधला तो मीटरगेज होता. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने तो मार्ग ताब्यात घेतला आणि तो पुरता जुना होण्याच्या आतच रुंद करून टाकला. तेव्हा वारशासाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. त्याच कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यात अडीच फुटी रूळ टाकले: गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला, छिंदवाड्याला, आणि छिंदवाड्याहून सौसरमार्गे नागपूरला. हे रूळ कोणाच्या सौंदर्यदृष्टीतून अंथरले गेले नव्हते. डोंगराळ मुलखात अरुंद रूळ स्वस्त पडतात, वळणे आखूड घेता येतात, पूल आणि खोदाई कमी लागते. जेथून मँगनीज, कोळसा, लाकूड आणि तांदूळ बाहेर काढायचा तेथे भांडवल शक्य तितके कमी गुंतवावे, असा तो सरळ व्यापारी हिशेब होता. अरुंद रूळ म्हणजे परकीय भांडवलाने या प्रदेशाची केलेली किंमत होती, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

या काटकसरीचा भार अखेर कोणावर पडला? जेथे अडीच फुटी रूळ साडेपाच फुटी रुळांना भेटतात तेथे डबा पुढे जाऊ शकत नाही; माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागतो. गोंदिया, इतवारी, मूर्तिजापूर या स्थानकांवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या पाठीने केले. कंपनीने पूल बांधण्यात जे रुपये वाचवले ते हमालाच्या मणक्यातून वसूल झाले. फक्त ते कंपनीच्या ताळेबंदात कोठे दिसले नाहीत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला रूळबदलाचा खर्च असे एक सोज्वळ नाव मिळते. गोणी उचलणाऱ्याला ते नाव कोणी सांगितले नसावे. म्हणून नॅरोगेजच्या आठवणी काढताना खिडकीतून दिसणाऱ्या पळसाच्या फुलांचे वर्णन जरूर करावे, पण फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही त्या चित्रात जागा द्यावी.

शकुंतलेची कथा तर याहून बोलकी आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि तेथून अचलपूर असा सुमारे एकशे नव्वद किलोमीटरचा हा मार्ग वऱ्हाडातील कापूस मुख्य लोहमार्गावर आणून मुंबईच्या बंदराकडे लावून देण्यासाठी बांधला गेला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ च्या एप्रिलपर्यंत चालले, मग डिझेल इंजिन आले. गाडीचे कौतुक पुष्कळ झाले, लेख लिहिले गेले, चित्रफिती निघाल्या. पण देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग कंपनीच्या मालकीचा राहिला आणि रेल्वे त्यावर आपल्या गाड्या चालवून कंपनीला मोबदला देत राहिली, ही गोष्ट त्या कौतुकात तळटीपेपुरतीच उरली. इंजिन जुने म्हणून ते गोड, आणि मालकीचा करार त्याहून जुना तरी त्याबद्दल कोणाला कडवटपणा नाही!

तेव्हा चालत्या मार्गांपुरता निर्णय संदिग्ध ठेवण्याचे कारण नाही. उमरेड, भिवापूर, नागभीड या पट्ट्यातील माणसाला ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने प्रवास करावयास लावून शहरी पर्यटकाची हौस भागवणे न्याय्य नव्हते. भिवापूरच्या मिरचीला आणि सौसरच्या संत्र्याला देशभरच्या बाजारात थेट जाता यावे यासाठी रुंद रूळ हवेच होते. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूने वेगवान गाडी जाण्याबद्दल वन्यजीवप्रेमींनी घेतलेला आक्षेप मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो हौसेचा नसून रानाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मार्गाची आखणी, वेगमर्यादा व प्राण्यांसाठी भुयारी वाटा यांतून द्यावे लागते. तो वारशाच्या वादात मिसळू नये.

परंतु बदल हवा होता एवढे म्हणून विकासाच्या अभिमान्यांना मोकळे सोडता येत नाही. छिंदवाड्याचा मार्ग २०१५ मध्ये बंद झाला. तो टप्प्याटप्प्याने खुला होत संपूर्ण जोडला जायला २०२१ उजाडले. या पाच-सव्वापाच वर्षांत त्या मार्गावरच्या खेड्यांतील माणूस कसा प्रवास करीत होता? पॅसेंजर गाडीचे भाडे हे या देशातील सर्वांत स्वस्त भाडे. एसटीचे त्याच्या कितीतरी पट, आणि खासगी काळीपिवळीचे तिच्या मालकाच्या मर्जीवर. मजुराने आठवड्याचा बाजार सोडला, मुलीने तालुक्याचे महाविद्यालय सोडले, तर तो तोटा प्रकल्पाच्या खर्चात कोणी धरीत नाही. रुंदीकरणाचा अंदाजपत्रकी आकडा रेल्वे मंडळाजवळ असतो. बंद काळात प्रवाशांनी खिशातून भरलेल्या फरकाचा आकडा कोणाजवळ नसतो, कारण तो काढण्याचे कोणाला सांगितलेलेच नाही. जुन्याच्या शेवटच्या फेरीला पुढारी हिरवा झेंडा दाखवतात, नव्याच्या पहिल्या फेरीलाही दाखवतात. मधल्या वर्षांना झेंडा नसतो.

आता खुद्द करमणुकीच्या यंत्राकडे वळू. उद्यानातील खेळगाडी असो की जत्रेतला आकाशपाळणा, तो जुना झाला की दोन मार्ग असतात: दुरुस्त करीत चालवणे किंवा मोडून नवा आणणे. सामान्य समज असा की नवा आणणे हा शहाणपणाचा आणि सुरक्षिततेचा मार्ग. सुरक्षिततेबद्दल तडजोड नाही. ज्या पाळण्याच्या कण्याला तडा गेला आहे त्यावर पोर बसवणारा गुन्हेगारच. पण यंत्र वयामुळे क्वचितच दगा देते, दुर्लक्षामुळे अधिक देते. नियमित तेलपाणी, दर हंगामात सांध्यांची तपासणी, झिजलेला सुटा भाग वेळेवर बदलणे, एवढे झाले तर चांगले घडवलेले यंत्र माणसाच्या आयुष्याहून अधिक चालते. न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवरील ‘सायक्लोन’ नावाचा रोलर कोस्टर १९२७ पासून चालतो आहे. मत्स्यालयाच्या विस्तारासाठी तो पाडण्याचा विचार १९७० च्या दशकात झाला होता. नागरिकांनी विरोध केला, शहराने तो आपल्या मालकीत ठेवला आणि १९८८ मध्ये शहराचे स्मारक म्हणून त्याची नोंद झाली. भांडवलशाहीच्या राजधानीत एका पाळण्याची मालकी नगरपालिकेकडे असावी, ही गोष्ट आपल्याकडील खासगीकरणवाद्यांनी सवडीने वाचावी. इंग्लंडमधील मार्गेट येथे १९२० च्या लाकडी ‘सीनिक रेल्वे’ला २००८ मध्ये आग लावली गेली, स्थानिक परिषदेने सक्तीच्या भूसंपादनाने ते उद्यान घेतले आणि २०१५ मध्ये ती गाडी पुन्हा सुरू झाली. त्या गाडीला आपोआप लागणारा ब्रेक नाही. ब्रेक लावणारा कामगार गाडीसोबतच फिरतो. म्हणजे गाडी जपावयाची तर तो कामगार आणि त्याचे कसबही जपावे लागते.

येथेच मोडून नवे आणण्याच्या उत्साहाचे आर्थिक रहस्य आहे. दुरुस्तीवर होणारा खर्च मुख्यतः मजुरीचा असतो. तो फिटरला, लोहाराला, सुताराला, रंगाऱ्याला जातो, दर महिन्याला जातो आणि त्याच गावात राहतो. नवी खरेदी हा भांडवली खर्च. तो एकदाच, मोठ्या रकमेने, निविदेद्वारे, बहुधा दूरच्या कारखानदाराला जातो. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात देखभालीच्या रकमेला कात्री लावणे सोपे असते, कारण तेल न घातलेला सांधा पहिल्या वर्षी तक्रार करीत नाही. चारपाच वर्षे अशी काढली की यंत्र खरोखरच धोकादायक होते, आणि मग ते धोकादायक आहे या निर्विवाद कारणासाठी ते मोडीत निघते. घसाऱ्याची तरतूद पुस्तकात करावयाची आणि प्रत्यक्षात ती रक्कम दुसरीकडे वळवावयाची, ही सार्वजनिक संस्थांची जुनी सवय आहे. सार्वजनिक मालकी नालायक आहे असे जे नंतर सिद्ध केले जाते, त्याची पूर्वतयारी अशी शांतपणे चाललेली असते.

या वाटेचा शेवट कोठे होतो, हे नागपूरकरांना अंबाझरीने दाखवले आहे. तेथील सार्वजनिक उद्यान करमणूक प्रकल्पासाठी खासगी विकासकाकडे सोपवण्यात आले, आणि त्या परिसरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडले गेले. वस्तीतील माणसांना लग्नकार्याला, व्याख्यानाला, जयंतीला जी वास्तू परवडत होती ती गेली. त्याविरुद्ध जे दीर्घकाळ धरणे चालले त्यात स्त्रिया अग्रभागी होत्या. झोके जुने झाले, उद्यान ओसाड पडले, म्हणून नवे आणायचे, हा युक्तिवाद ऐकावयास किती निरुपद्रवी वाटतो! परंतु नव्या झोक्याबरोबर नवा दरवाजा येतो, दरवाजाबरोबर तिकीटखिडकी येते, आणि ज्या पोराच्या बापाला ते तिकीट परवडत नाही तो कुंपणाबाहेर उभा राहतो. जुना झोका करकरत होता हे खरे, पण तो सर्वांसाठी करकरत होता.

म्हणजे जुने ते जपावेच, असा निष्कर्ष कोणी काढील. तो खोडून काढावयास माथेरानसारखे उदाहरण नाही. नेरळ ते माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सोळा लाख रुपये घालून ती बांधली. २००५ च्या अतिवृष्टीत तिचे रूळ वाहून गेले, २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा गेले. संपूर्ण मार्ग २०२२ च्या ऑक्टोबरात परत सुरू झाला. दरवेळी प्रश्न विचारला गेला की तोट्यात चालणाऱ्या या खेळण्यावर पैसा का ओतावा. त्याचे उत्तर असे की माथेरानला मोटारींना बंदी आहे, गावात चार हजारांहून अधिक माणसे राहतात, आणि अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा टप्पा तरी त्यांच्यासाठी खेळणे नाही. तेथे जुनी गाडी हीच वाजवी सार्वजनिक वाहतूक आहे. ती जपलीच पाहिजे, आणि रेल्वेच्या खर्चानेच जपली पाहिजे.

पण त्याच माथेरानात त्याच पर्यटकासाठी आणखी एक जुनी वस्तू जपली गेली होती: हातरिक्षा. लाल मातीच्या चढावर एक माणूस पुढून ओढतो आणि एकदोघे मागून ढकलतात, असे ते वाहन. तिचेही वर्णन पर्यटनपुस्तिकांत जुन्या काळाची आठवण म्हणून होत असे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवली आणि सहा महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. विदर्भाचे सुपुत्र म्हणून त्यांचे कौतुक येथे पुष्कळ झाले. निकालातील आर्थिक भाग मात्र फारसा वाचला गेला नाही. न्यायालयाने केवळ बंदी घातली नाही. ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, खरे कोण ते जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने ठरवावे, उरलेल्या रिक्षा आदिवासी महिला व स्थानिकांना द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असे बजावले. यामागे १९८० चा एक निकाल आहे. पंजाब सरकारने सायकलरिक्षाचा परवाना मालक-चालकालाच मिळेल असा कायदा केला होता. भाड्याची रिक्षा ओढणारे अमृतसरचे गरीब त्यामुळे बेकार होणार होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द केला नाही आणि गरिबांना वाऱ्यावरही सोडले नाही. बँकेच्या कर्जातून त्यांनाच मालक करण्याची योजना त्यांनी निकालात बसवली. १९५७ च्या केरळातील मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाला जमिनीच्या कुळाचा न्याय रिक्षाच्या कुळाला लावणे अवघड गेले नसावे.

ज्याच्या पाठीवर जुने यंत्र चालत होते त्याच्याच हाती नवे यंत्र द्यावे, हे सूत्र त्या दोन्ही निकालांत आहे. अर्थात माथेरानचे घोडेवाले या व्यवस्थेवर नाराज आहेत, आणि त्यांची चिंता केवळ प्रतिगामी म्हणून झटकून टाकणे बरे नव्हे. प्रवासी ई-रिक्षाकडे वळला तर त्यांच्या चुलीचे काय, हा प्रश्न खरा आहे. एका श्रमिकाची सुटका दुसऱ्या श्रमिकाच्या उत्पन्नातून होऊ नये, हे पाहणे शासनाचे काम आहे आणि त्यासाठी संघटनांनी एकमेकांशी बोलणे हे कार्यकर्त्यांचे.

मोतीबागेच्या संग्रहालयाकडे या दृष्टीने पाहिले तर मागण्या आपोआप स्पष्ट होतात. तेथील इंजिने व डबे रेल्वेच्या मालकीत राहावेत, कोणत्याही करमणूक कंत्राटदाराला चालवावयास देऊ नयेत. प्रवेशाचे मूल्य महापालिका शाळेतील मुलाला झेपेल एवढेच असावे. छोटी गाडी दुरुस्त होत राहावी, आणि ती दुरुस्त करण्याचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांना जुन्या फिटरांच्या हाताखाली शिकवावे. नॅरोगेजच्या शेडमधून निवृत्त झालेली माणसे अजून नागपुरात आहेत, आणि त्यांच्या बोटांतील ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही. इंजिनाशेजारच्या फलकावर त्याचा कारखाना, वजन आणि साल लिहिलेले असते. त्याच्याजवळ दुसरा फलक हमालांचा, गँगमनचा आणि फाटकवाल्यांचा लावावयास फारसा खर्च येत नाही.

राहता राहिली शकुंतला. तिच्या रुंदीकरणाची मागणी यवतमाळ, वाशीम, अकोला व अमरावती जिल्ह्यांत वर्षानुवर्षे होत आली आहे आणि ती मान्य झालीच पाहिजे. परंतु ते काम हाती घेतले जाईल तेव्हा पहिली कुदळ पडण्यापूर्वी मूर्तिजापूर, कारंजा आणि दारव्हा येथील कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: नवी गाडी सुरू होईपर्यंत त्या मार्गावर पॅसेंजरच्या भाड्यात एसटी चालेल, फरक रेल्वे भरील, मार्गाकडेच्या जमिनीवर वसलेल्या झोपड्यांना पर्यायी जागा मिळाल्याशिवाय हात लागणार नाही, आणि कंपनीच्या कराराचा संपूर्ण हिशेब, किती वर्षे किती रक्कम दिली गेली यासह, लोकांसमोर मांडला जाईल.